तलावात सोडलेल्या कासवाचं काय करायचं? परक्या प्राण्यांबद्दल नागपूरकर नेहमी विचारतात ते प्रश्न

रविवारी सकाळी आम्ही चारपाच जण दुर्बिणी घेऊन अंबाझरी तलावाच्या काठावर उभे असतो. फिरायला आलेली माणसं थांबतात, "काय दिसून राहिलं जी?" म्हणून विचारतात. पाच मिनिटांत बोलणं पक्ष्यांवरून माशांवर, माशांवरून कासवांवर आणि शेवटी हमखास कुत्र्यांवर येतं. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. मी शास्त्रज्ञ नाही. खालच्या उत्तरांत माहितीसोबत माझं मतही मिसळलेलं आहे आणि ते मी लपवलेलं नाही.

परका प्राणी म्हणजे नेमका कोणता? बाहेरून आलेलं सगळंच वाईट का?

मुळीच नाही. मिरची, टोमॅटो, बटाटा सगळे बाहेरचे. संत्रं तरी कुठं मूळचं नागपूरचं? माणसानं एखादा जीव त्याच्या मुलखाबाहेर नेला की तो तिथं परका. त्यातले बहुतेक टिकत नाहीत किंवा मुकाट एका कोपऱ्यात राहतात. जे स्वतःहून पसरतात आणि तिथल्या जिवांच्या तोंडचा घास, अंडी, जागा हिरावतात, त्यांना 'आक्रमक' म्हणायचं. जैवविविधतेवरच्या आंतरशासकीय मंचाचा 2023 चा अहवाल सांगतो की जगभरात माणसानं 37,000 हून जास्त प्रजाती इकडच्या तिकडे केल्या आणि त्यांतल्या साडेतीन हजारांहून जास्त घातक ठरल्या. म्हणजे साधारण दहात एक. पण नोंद असलेल्या प्रजाती-नाशांपैकी 60 टक्क्यांमध्ये या दहातल्या एकाचा हात आहे. म्हणून घाबरायचं ते त्या एकाला, बाकीच्या नवांना उगाच झोडपायचं नाही.

रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर मारायला परवानगी देतात, ते परके आहेत का?

नाहीत. दोघंही इथलेच, आपल्या आधीपासूनचे. पिकांच्या नुकसानीमुळे राज्यांनी वेळोवेळी परवानग्या दिल्या, पण तो शेतकऱ्याच्या पोटाचा प्रश्न आहे. देशी वन्यजीव वाचवण्याशी त्याचा संबंध नाही. दोन्ही गोष्टींची खिचडी केली की बांधावरची चर्चा भांडणावर येते, हे मी अनेकदा पाहिलंय.

नागपूरच्या आसपास असे प्राणी कोणते?

पाण्यात जास्त, जमिनीवर कमी. विदेशी मांगूर (बाजारात 'थाई मांगूर' म्हणतात, पण मूळ आफ्रिकेचा), तिलापिया, सायप्रिनस, गप्पी, लाल कानाचं कासव आणि मत्स्यपेटीतला 'काच साफ करणारा' सकर मासा. शेतांत शंखी गोगलगाय. हिची गंमत अशी की 1847 मध्ये बेन्सन नावाच्या एका शंखतज्ज्ञानं मॉरिशसहून दोन गोगलगायी कोलकात्याला आणल्या आणि शेजाऱ्याला दिल्या. शेजाऱ्यानं त्या बागेत सोडल्या. 2022 मध्ये लातूर, बीड, उस्मानाबादकडचं कोवळं सोयाबीन याच जातीनं फस्त केलं.

सकर मासा नीट बघायचा असेल तर तो हातात घ्यावा लागतो. शहराबाहेरच्या एका तलावावर ढीवर समाजाचे एक काका जाळं टाकतात. मे महिन्यात पाणी खाली गेलं की ते बोलावतात. जाळ्यातून सकर सोडवणं म्हणजे बोरीच्या काट्यातून लुगडं सोडवण्यासारखं. अंगावर खवल्यांऐवजी हाडाच्या पट्ट्यांचं चिलखत, परांचे पुढचे काटे करवतीसारखे, आणि पोटाकडे ते गोल, चिकटणारं तोंड. "याले कोनी घेत नाही बाप्पा, वरून जाळं फाडते," काका म्हणतात. मूळचा हा दक्षिण अमेरिकेतला. तळातलं शेवाळ आणि त्यासोबत इतर माशांची अंडी खातो, काठाच्या मातीत बिळं करतो. पाण्यात प्राणवायू कमी झाला की जठरानं हवेतला घेतो, त्यामुळे घाण पाण्यातही त्याचं काही अडत नाही.

आमच्याकडचं कासव मोठं झालं, टाकीत मावत नाही. फुटाळा तलावात सोडलं तर चालेल का?

नाही. हा प्रश्न इतका वेळा येतो की उत्तर दारावर लावून ठेवावं असं वाटतं.

दुकानात रुपयाच्या नाण्याएवढं असतं ते. डोळ्यामागे लाल पट्टा, हिरवी पाठ, गोंडस. मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. काही वर्षांत ते जेवणाच्या ताटलीएवढं होतं, वीस-तीस वर्षं जगतं, चावतं, आणि टाकीला वास येतो. मग घरात कोणीतरी म्हणतं, "बिचाऱ्याला मोकळं सोडू या." तलावात ते आपल्या देशी कासवांशी उन्हाच्या दगडांवरून, खाण्यावरून स्पर्धा करतं. अंडी किती तापमानाला उबली त्यावर पिल्लू नर की मादी ते ठरतं. ऊन जास्त, तर माद्या जास्त. नागपूरच्या उन्हाबद्दल वेगळं सांगायला नको.

यात एक उलटा न्याय आहे. देशी कासव पाळणं कायद्यानं गुन्हा, आणि तो असायलाच हवा. त्यामुळे दुकानदार 'हे चालतं, हे फॉरेनचं आहे' असं सांगून हेच कासव विकतो. युरोपीय संघानं 1997 मध्ये याची आयात थांबवली तेव्हा व्यापारी त्याच्याच पिवळ्या पोटाच्या भावंडांकडे वळले. अमेरिकेत तर 1975 पासूनच चार इंचांपेक्षा लहान कासवं पाळायला विकायला मनाई आहे, पण ती मुलांना साल्मोनेलाची लागण होते म्हणून. तलावाचा विचार त्यात नव्हता.

मग करायचं काय? दुकानदाराला परत घ्यायला सांगा, दुसरा पाळणारा शोधा, मोठं टाकं बांधा. काहीच जमलं नाही तर पशुवैद्यकाकडून वेदनारहित मरण. हे वाक्य लिहिताना मलाही बरं वाटत नाही. पण तलावात सोडून आपण फक्त मरण आपल्या नजरेआड करतो, आणि ते बहुधा त्या कासवाचं नसतं, तिथल्या दुसऱ्या कुणाचं तरी असतं.

पण त्या प्राण्याचा काय दोष?

काहीच नाही. सगळी गोम इथंच आहे.

आपल्याला मारणं सोपं जावं म्हणून आपण आधी प्राण्याला गुन्हेगार ठरवतो. 'घुसखोर', 'हल्लेखोर', 'राक्षसी मासा' असे मथळे येतात. सकर मासा काही पासपोर्ट चुकवून आलेला नाही. कुणीतरी पिशवीतून आणून त्याला सोडला. तो करतो ते कुठलाही मासा करेल. गुन्हा असलाच तर सोडणाऱ्याचा. म्हणून मारण्याची भाषा सूडाची असली की मला खटकते.

मात्र 'दोष नाही' एवढ्यावर उत्तर संपत नाही. शिंगी या देशी माशाच्या अंड्यांचा काय दोष होता? टिटवीच्या पिल्लाचा? आपण हात बांधून बसलो तरी कोणीतरी मरतंच, फक्त ते आपल्याला दिसत नाही. प्रत्येक प्राण्याच्या जिवाला सारखं मोल द्या म्हणणारे आणि एकूण प्रजाती, एकूण तलाव टिकला पाहिजे म्हणणारे, यांच्यातला वाद जुना आहे. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, पण एका अटीवर: ज्यांनी नळ उघडा ठेवलाय त्यांनी आधी नळ बंद करावा. दुकानात मासे-कासवं विकली जात असताना तलावातली मारत बसणं म्हणजे छताला भोक असताना घर पुसत बसण्यासारखं. तेही निष्पाप जिवांचा बळी देऊन.

मग मारणं योग्य कधी?

मी स्वतःला काही प्रश्न विचारतो. नुकसान खरंच याच प्राण्यामुळे होतंय, की सांडपाण्यामुळे होतंय आणि खापर याच्यावर? पुन्हा येण्याची वाट बंद आहे का? काम तडीस जाईल का? अर्धवट मारलं तर उरलेल्यांना खायला मुबलक, जागा मुबलक, आणि दोन वर्षांत संख्या जैसे थे. म्हणजे तेवढे जीव फुकट गेले. आणि मरण झटपट असेल का?

ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिकाच्या मध्ये मॅक्वारी नावाचं बेट आहे. तिथं समुद्रपक्ष्यांसाठी मांजरं हटवली, 2000 पर्यंत एकही उरलं नाही. मग ससे वाढले. मांजरांचा धाक गेला आणि सशांमधल्या रोगाचा जोरही ओसरला होता. त्यांनी डोंगरउतार कुरतडून बोडके केले. शेवटी ससे आणि लहानमोठे उंदीर सगळ्यांविरुद्ध मोहीम काढावी लागली आणि 2014 मध्ये बेट मोकळं झाल्याचं जाहीर झालं. एक धागा ओढला की विणीचं काय होतं ते आधी बघायचं असतं. बेटावर निदान चारी बाजूंनी समुद्र असतो. आपल्याकडे 23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरी ओसंडून नागनदीत घुसला तेव्हा तलावातलं काय काय कन्हानकडे निघून गेलं असेल, याचा हिशेब कोण ठेवणार?

पकडून दुसरीकडे सोडता येत नाही का? नसबंदी?

दुसरीकडे म्हणजे कुठे, हा प्रश्न आहे. कोलंबियातल्या पाब्लो एस्कोबार या अमली पदार्थांच्या तस्करानं 1980च्या दशकात स्वतःच्या प्राणिसंग्रहालयासाठी चार पाणघोडे आणले. तो मेला, पाणघोडे नदीत शिरले आणि दीडशेच्या पुढे गेले. 2022 मध्ये तिथल्या सरकारनं त्यांना आक्रमक परकी प्रजाती ठरवलं. नसबंदीही सुरू झाली. पण टनभर वजनाच्या जनावराला बेशुद्ध करून शस्त्रक्रिया करणं किती महागडं असेल याची कल्पना करा. 2023 मध्ये त्यांतले साठ गुजरातला पाठवायचा प्रस्तावही आला होता. नसबंदी हळू जन्मणाऱ्या, कमी संख्येच्या प्राण्यांत चालते. एका वेळी हजारो अंडी घालणाऱ्या माशात कशी करणार?

आपले प्राणी दुसरीकडे असे त्रासदायक ठरलेत का?

हो. हे उत्तर दिलं की समोरचा गप्प होतो, म्हणून मला हा प्रश्न आवडतो.

पेंचला गेलात तर सफारीत पहिल्यांदा दिसतं ते चितळ. वाघाचं जेवण, पर्यटकांचा पहिला फोटो. तेच चितळ इंग्रजांनी शोभेसाठी आणि शिकारीसाठी अंदमानात नेलं. तिथं वाघ नाही, बिबट्या नाही, रानकुत्रा नाही. चितळांनी जंगलातली कोवळी रोपं खाऊन टाकली आणि आता नवी झाडं उभी राहणं अवघड झालंय. पेंचमध्ये जंगलाचा खांब, अंदमानात वाळवी. प्राणी तोच.

मुंगूस घ्या. जपानच्या अमामी ओशिमा बेटावर हाबू नावाच्या विषारी सापांचा बंदोबस्त करायला 1979 मध्ये तीसेक मुंगसं सोडली. साप रात्री फिरतो, मुंगूस दिवसा. दोघांची गाठच पडेना. मुंगसानं जगात फक्त त्या भागातच आढळणारे काळपट ससे खाल्ले. संख्या दहा हजारांच्या घरात गेली. सापळे, शिकारी कुत्री, वर्षानुवर्षांची मेहनत, आणि सप्टेंबर 2024 मध्ये मुंगूस संपल्याचं जाहीर झालं. आणि आपला कावळा? केनियानं 2024 मध्ये दहा लाख भारतीय कावळे मारायचं ठरवलं. पितृपक्षात आपण ज्याची वाट बघत गच्चीवर उभे राहतो, तोच.

महापालिका डासांसाठी गप्पी सोडते. तेही चूक?

इथं माझी आमच्याच गटातल्या मित्रांशी गाठ पडते. गप्पी कॅरिबियन आणि दक्षिण अमेरिकेच्या किनारपट्टीचा, भारतात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आला. हेतू चांगला होता आणि मलेरिया ही काही कल्पित भीती नव्हती.

पण नागपुरात पावसाळ्यात दवाखाने भरतात ते डेंग्यूनं. डेंग्यूचा एडिस डास तलावात अंडी घालत नाही. त्याला साचलेलं स्वच्छ पाणी लागतं: टायर, कुंडीखालची ताटली, गच्चीवरचा ड्रम आणि आपला लाडका कूलर. जूनमध्ये कूलर बंद करतो, टाकीतलं पाणी तसंच राहतं, खसखशीएवढ्या अळ्या वळवळतात. माझ्या स्वतःच्या घरी सापडल्यात, उगाच दुसऱ्याला का नावं ठेवू? तिथं मासा नको, आठवड्याला एकदा टाकी उलटी करायला दोन हात हवेत. बंदिस्त हौदात गप्पी सोडायला माझी हरकत नाही. नैसर्गिक तलावात मात्र नको. तिथं हे काम करणारे आधीपासून आहेत: चतुराची पिल्लं, पाण्यातले किडे, डोक्यावर चमकता ठिपका असलेला अप्लोकायलस नावाचा बोटभर देशी मासा. गप्पी त्यांचीच पिल्लं खातो.

जाता जाता, एडिस इजिप्ती हा डासही आफ्रिकेतून आलेला परका प्राणीच. त्याला मारण्याच्या नैतिकतेवर आजवर मला कुणी प्रश्न विचारलेला नाही. शंखी गोगलगायींबद्दलही नाही. बादलीभर गोगलगायी मिठाच्या पाण्यात ओतताना कुणाचा हात थांबत नाही. डोळे मोठे आणि अंगावर केस असले की आपली करुणा जागी होते.

आणि कुत्री?

आलात शेवटी. कुत्रा भारतात हजारो वर्षांपासून आहे, त्याला 'परका' म्हणणं ताणून धरल्यासारखं होईल. पण माणसानं नेलेला, माणसाच्या उकिरड्यावर वाढलेला शिकारी तर तो आहेच. मार्च-एप्रिलमध्ये काठावरच्या मुरुमात टिटवी चार अंडी घालते, खड्यांसारखीच दिसणारी. एका सकाळी मी एक घरटं दाखवायला दोन मुलांना घेऊन गेलो, तर तिथं फक्त ओलसर टरफलं आणि पंजाचे ठसे. टिटवी डोक्यावर ओरडत होती. हे रोज होतं. रोगांची भीती वेगळीच. 2018 मध्ये गीरच्या एका भागात काही आठवड्यांत 23 सिंह गेले आणि त्यांत कुत्र्यांत आढळणारा डिस्टेंपरचा विषाणू सापडला.

2023 चे प्राणी जन्म नियंत्रण नियम सांगतात की नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रा पकडला तिथंच सोडायचा. गल्लीसाठी ठीक. पण नसबंदी झालेल्या कुत्र्याला अंडी कमी आवडतात असं नाही. माझं मत: वस्तीतल्या कुत्र्याला मारू नये, अभयारण्यात आणि पाणथळीच्या काठावर कुत्रा असू नये, आणि या दोन्हींच्या मधली वाट म्हणजे काठावरचा कचरा आणि तिथं रोज टाकला जाणारा दूधभात बंद करणं. हे म्हटल्यावर दोन्ही बाजूंचे लोक माझ्यावर चिडतात.

खाऊन संपवता येणार नाही का?

तिलापिया बघा. बाजारात खपतो, म्हणून तो संपावा असं कुणालाच वाटत नाही. किंमत मिळाली की लोक तो प्राणी वाढवायला लागतात. 1902 मध्ये हनोईत फ्रेंच सरकारनं उंदराच्या शेपटीमागे बक्षीस लावलं, तर शेपटी कापून उंदीर सोडून दिलेले दिसू लागले, पिल्लं व्हावीत म्हणून. विदेशी मांगुराचंही तेच झालं. त्याच्यावर बंदी आहे, राष्ट्रीय हरित लवादानं पैदास नष्ट करायला सांगितलंय, तरी तो विकला जातो. दीड मीटरपर्यंत वाढणारा, कत्तलखान्याच्या घाणीवरही पोसता येणारा मासा व्यापाऱ्याला का नको असेल? घेताना विचारा, एवढंच आपल्या हातात आहे.

'परके हटवा' ही भाषा माणसांबद्दलही वापरतात. भीती नाही वाटत?

वाटते. म्हणून मी 'शुद्ध', 'घुसखोर' असे शब्द टाळतो आणि प्रत्येक वेळी नुकसान कोणतं, कुणाचं, ते विचारतो.

मग आफ्रिकेतून आणलेला चित्ता?

चांगला चिमटा. 2022 मध्ये कुनोत आठ चित्ते नामिबियातून आले, पुढच्या वर्षी दक्षिण आफ्रिकेतून बारा. आपला चित्ता 1952 मध्ये नामशेष जाहीर झाला होता, तो आशियाई. हा त्याचा आफ्रिकी भाऊ. जागा रिकामी होती, ती भरण्याचा हा प्रयत्न आहे, म्हणून मी त्याला आक्रमक म्हणणार नाही. पण चित्त्यासाठी एवढा खर्च आणि देशी शिंगी-मांगुरासाठी काहीच नाही, हे मला पटत नाही.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव संरक्षण कायद्यातली 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. तिच्या कलम 62अ नं केंद्र सरकारला आक्रमक परक्या प्रजातींची आयात, व्यापार, बाळगणं आणि प्रसार यांवर बंधनं घालायचा अधिकार दिला. 1960 चा क्रूरता प्रतिबंधक कायदा परक्या प्राण्यांनाही लागू आहे. मारायचं असलं तरी छळायचं नाही. कुणी तलावावर स्वतःच 'मोहीम' काढायला निघालं तर आधी मत्स्य विभाग किंवा वनविभागाला विचारा. देशी मरळ परकी समजून मारलेली मी पाहिली आहे.

तुम्ही स्वतः कधी मारलंय का?

हो. पण आधी दुसरं सांगतो. आठवीत असताना मी स्वतः फुटाळ्याच्या पायऱ्यांवर बसून पिशवीतला सकर मासा पाण्यात सोडला होता. टाकी विकायची होती. आई म्हणाली होती, जिवाला जीवदान मिळेल. तो पिशवीतून निघून तळाकडे गेला, आणि मला फार बरं वाटलं होतं.

तीसेक वर्षांनी त्या काकांच्या तलावावर बारा सकर निघाले. त्यांनी नेहमीप्रमाणे ते काठावर उन्हात फेकले. सकर हवेतही तासन्‌तास जिवंत राहतो. त्यांचा नातू एकाला काडीनं ढोसत होता आणि तो मासा कल्ले उघडत-मिटत होता. मी म्हटलं, काका, असं तडफडत नका ठेवू, डोक्यावर एक घाव घाला. ते जाळं सोडवता सोडवता म्हणाले, "मग तुम्हीच घाला नं भाऊ."

दगड घेतला. पहिला घाव चिलखतावरून घसरला. दुसऱ्याला मेला. उरलेले अकरा त्यांनी मारले, भराभर, एकेका फटक्यात. आता मे महिन्यात ते फोन करतात तेव्हा मी घरून हातोडी घेऊन जातो.